अक्षर, उच्चार आणि अर्थ

तिकोणा पेठेतून गड चढणारा माणूस शेवटच्या उंच पायऱ्यांवर घाई करीत नाही. एक पाऊल नीट रोवल्यावाचून दुसरे उचलीत नाही. मशिदीतील मक्तबात मूल कुरआन वाचावयास शिकते, ते याच रीतीने.

पहिले पुस्तक म्हणजे ‘कायदा’. हा कोर्टातला कायदा नव्हे. ही अरबीची अंकलिपी. आपल्याकडे ‘नूरानी कायदा’ पुष्कळ ठिकाणी चालतो. प्रथम सुटी अक्षरे. एकाच वळणाखाली एक टिंब दिले की ‘बे’, वर दोन दिली की ‘ते’, तीन दिली की ‘से’. मग जोडून लिहिलेली अक्षरे, कारण शब्दाच्या आरंभी, मध्ये व शेवटी अक्षराचे रूप पालटते. नंतर जबर, जेर, पेश ही स्वरचिन्हे: ‘बे जबर ब, बे जेर बि, बे पेश बु’. याला हिज्जे म्हणतात. ते जिभेवर बसले की सोडून द्यावयाचे आणि शब्द सलग वाचावयाचा. पुढे बहुधा तिसावा पारा, कारण लहान सूरे त्यात आहेत. मग आरंभापासून सारे 30 पारे. पाहून वाचणे म्हणजे नाजिरा, मुखोद्गत करणे म्हणजे हिफ्ज.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? अरबीत दोन ‘क’ आहेत. पडजिभेजवळून काढलेल्या ‘क’ने ‘कल्ब’ म्हटले तर हृदय. आपला साधा ‘क’ लावला तर कुत्रा! म्हणून मौलवीसाहेब प्रत्येक मुलाचा सबक वेगळा ऐकतात. कच्चा राहिला तर उद्या पुन्हा तोच सबक. आपल्या वेदपाठशाळांतील पद, क्रम, जटा, घन या पाठांमागेही हीच चिंता आहे: ध्वनी बिघडता कामा नये.

परंतु अर्थाचे काय? घरी दखनी किंवा मराठी बोलणारे मूल अस्खलित वाचते, आणि वाचलेल्याचा अर्थ विचारला तर बहुधा गप्प राहते. मी कामगार चळवळीतला माणूस. पगाराच्या चिठ्ठीतले अक्षरन् अक्षर लावणारे, पण कपात कशाची झाली हे न उमगणारे गडी मी पुष्कळ पाहिले. एके काळी मीही त्यांतलाच होतो. अक्षर ओळखले म्हणजे हक्क कळला, असे होत नाही.

कुरआनची उर्दू व मराठी भाषांतरे आज मिळतात. रोजच्या सबकाबरोबर एका आयतीचा अर्थ मुलाच्या बोलीत सांगितला, तर उच्चाराचे काही बिघडणार नाही. पायऱ्या इतक्या जपून चढविलेल्या मुलाला दरवाजाशीच का थांबवावे?