सावर की पांगारा?

पैनगंगेच्या काठी फाल्गुनात निष्पर्ण, लालभडक झाड दिसले की आमचे शहरी पाहुणे म्हणतात, ‘पांगारा!’ मी म्हणतो, जरा थांबा. काटे दोघांनाही असतात, त्यांवर विसंबू नका. पांगाऱ्याचे फूल नखासारखे वाकडे. सावरीचे वाटीएवढे, पाच जाड पाकळ्यांचे. पावसाळ्यात पाने पाहा: पांगाऱ्याला पळसासारखी तीन दले, सावरीला पाच ते सात.

यवतमाळ कापसाचा जिल्हा. पण सावरीचा कापूस आखूड, गुळगुळीत. त्याचे सूत निघत नाही, उशी मात्र छान होते. लाकूड मऊ, म्हणून आगकाड्यांसाठी तिच्यावर कुऱ्हाड चालत आली. वाचकहो, तिच्या फुलांवर मैना-बुलबुलांची पंगत बसते. ती उठवायची का? ओळख असली, तरच माणूस झाड राखतो.