खरवस आणि वासराचे पहिले चोवीस तास

गेल्या कोजागिरीला मंडळाच्या कार्यक्रमात एका वहिनींनी खरवस आणला होता. ओळखीच्या डेअरीवाल्याकडून मिळवलेल्या खऱ्या चिकाचा! पाच मिनिटांत ताट रिकामे झाले. मीही दोन वड्या खाल्ल्या, पण दुसरी घशाखाली उतरताना मला आमची कालवड आठवली.

१९८८ सालची गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी गाय रात्री व्याली. वासरू उठून सडाकडे जाऊ लागले, तशी आजी म्हणाली, "वार पडेपर्यंत पाजायचं नाही, बांधा तिला बाजूला." वार पडली दुसऱ्या दिवशी दुपारी. पहिला चीक काढून खरवसासाठी चार घरी वाटला गेला, उरलेला वासराला. पाचव्या दिवशी हगवण लागून कालवड गेली. "तिचं आयुष्यच तेवढं," असे सगळे म्हणाले. मीही तेच धरून चाललो होतो.

माझ्या नावामागे 'डॉक्टर' लागते ते इंजिनिअरिंगमधल्या प्रबंधामुळे. गुरांच्या वैद्यकाशी माझा संबंध नाही. पण कोजागिरीनंतर मी या विषयावर बरेच वाचले. जे समजले ते सांगतो.

जन्मताच वासराच्या शरीरात एकाच वेळी अनेक उलथापालथी होतात. गर्भात फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात आणि प्राणवायू नाळेतून येतो. नाळ तुटली की काही क्षणांत श्वास सुरू व्हावा लागतो. मग फुप्फुसांकडे रक्त वाहू लागते आणि ती टाळून जाणारे हृदयाजवळचे गर्भावस्थेतले मार्ग हळूहळू बंद होतात. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडल्याने रक्तात थोडी आम्लता असते. निरोगी वासरात ती लवकर निवळते. गर्भातले हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक घट्ट धरून ठेवते. त्याची जागा मोठ्या जनावराचे हिमोग्लोबिन पुढच्या दोन-तीन महिन्यांत घेते.

ही सगळी कामे वासराचे शरीर आपली आपण करते. एक गोष्ट मात्र त्याला बाहेरूनच मिळावी लागते.

माणसाच्या बाळाला आईच्या रक्तातली प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिने, गर्भातच वारेतून मिळतात. गाईच्या वारेची रचना वेगळी आहे. तिच्यातून ती पलीकडे जात नाहीत. त्यामुळे वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडे जवळजवळ नसतातच. ती असतात चिकात. नवजात वासराचे आतडे ही मोठी प्रथिने न पचवता अख्खीच्या अख्खी रक्तात जाऊ देते. पण हे दार जन्मापासूनच बंद होऊ लागते आणि साधारण चोवीस तासांत पुरते मिटते. त्यानंतर कितीही चीक पाजला तरी प्रतिपिंडे रक्तात पोचत नाहीत. थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी १९२२ सालीच दाखवून दिले होते की चीक न मिळालेली वासरे बहुतांश दगावतात.

चीक पोटात गेल्यावर रक्ताची तपासणी केली तर बदल स्पष्ट दिसतो. एकूण प्रथिने वाढतात, साखर वाढते. रक्तरसाचे प्रमाण वाढल्याने तांबड्या पेशींची टक्केवारी मात्र घटते. तो पंडुरोग नव्हे. रक्त पातळ झाल्याची खूण आहे. एक ते दोन दिवसांच्या वासराच्या रक्तद्रवात लिटरला १० ग्रॅमपेक्षा कमी प्रतिपिंडे असली, तर चीक पुरेसा पोचला नाही असे समजतात. २०२० साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २५ ग्रॅम किंवा अधिक ही पातळी उत्तम ठरवली.

हिशेब सोपा आहे. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक, शक्यतो पहिल्या दोन तासांत. चाळीस किलोच्या होल्स्टीन वासराला चार लिटर. आपल्याकडच्या वीस-पंचवीस किलोच्या वासराला दोन-अडीच लिटर. चीक कोमट चालेल, उकळलेला नको. उष्णतेने प्रतिपिंडे निकामी होतात. खरवस थापायला विरजण लागत नाही, त्याचे कारणही हेच. चिकातली ही प्रथिनेच तापवल्यावर गोठतात. म्हणजे वासराचे संरक्षणच आपण वेलदोडा घालून वाफवतो!

आणि वार? वासरू पिऊ लागले की पान्हा सोडणारे संप्रेरकच गाईचे गर्भाशयही आकुंचित करते. म्हणजे पाजल्याने वार पडायला मदतच होते. आजीच्या नियमाची दिशाच उलटी होती.

या जानेवारीत गावाहून काकूंचा फोन आला. गाय चार दिवसांत विणार होती. मी धीर करून सगळे सांगितले. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "अरे, तू यंत्रांचा डॉक्टर, तुला गोठ्यातलं काय कळतं?" मी म्हटले, "काकू, मला नाही कळत. पण तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांना विचारा ना एकदा."

त्यांनी विचारले. गाय पहाटे व्याली आणि वार पडायच्या आत वासरू पोटभर प्यायले. आता ते दावणीला हिसके देते, असे कळते. खरवस झाला तो तिसऱ्या दिवशीच्या चिकाचा. "जरा सैल झाला," काकू म्हणाल्या, "पण चालतंय."

आजीला दोष देण्याचा माझा विचार नाही. तिला तिच्या सासूने जे सांगितले तेच तिने केले. त्या वासराला चीक वेळेवर मिळाला असता तर ते जगलेच असते, असेही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ज्यांच्या घरी गावाकडे अजून गोठा आहे, त्यांनी पुढच्या फोनवर एवढे अवश्य सांगावे: पहिला चीक वासराचा, खरवस उरलेल्याचा.