डोके नेमके तेव्हाच का दुखते?

काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आजऱ्याला मावशीकडे गेलो होतो. हिरण्यकेशी दुथडी भरून वाहत होती आणि शिवारात भाताच्या रोपलावणीची धांदल उडाली होती. घरची सगळी माणसे चिखलात उतरलेली. एकट्या वहिनी मात्र माजघराचे दार लोटून, डोक्याला फडके करकचून बांधून पडून होत्या. उजेड नको, बोलणे नको, फोडणीचा वास तर मुळीच नको. पडवीत प्लास्टिकची खोळ झटकत मावशी म्हणाली, "लावणीचा दिस उजाडला की हिचं डोस्कं नेमकं कसं धरतंय?"

मावशीचा तो टोमणा होता. पण प्रश्न म्हणून तो अगदी मोलाचा होता. डोके नेमके तेव्हाच का दुखते, याच्या उत्तरातच या दुखण्याचा निम्मा उलगडा असतो.

वहिनींना होती ती अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन. आपल्या आयुर्वेदाने तिला 'अर्धावभेदक' म्हटले. बहुधा डोक्याची एक बाजू ठणकते, मळमळते, उलटी होते, उजेड आणि आवाज सोसवत नाही, हालचालीने कळ वाढते. मोठ्या माणसांत उपचाराविना हा झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतो. काहींना आधी डोळ्यांपुढे नागमोडी, चमचमत्या रेघा दिसतात. याउलट ताणाने होणारी साधी डोकेदुखी पट्टा आवळल्यासारखी दोन्ही बाजूंना असते. तिच्यात माणूस कुरकुरत का होईना, काम करू शकतो.

सोंग नव्हे, आजार

मायग्रेन हा मेंदूचा आजार आहे आणि तो बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. अशा माणसाचा मेंदू बदलांना फार लवकर बिथरतो. मग चेहऱ्याच्या व डोक्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या नसेतून काही रसायने पाझरतात आणि ठणका सुरू होतो. त्यांतले 'सीजीआरपी' हे रसायन ओळखून त्यावर औषधाचा मार्ग दाखवणाऱ्या चार शास्त्रज्ञांना २०२१ मध्ये 'ब्रेन प्राइझ' मिळाले. हा आजार विरळाही नाही. शेजारच्या कर्नाटकात, बंगळुरू आणि भोवतालच्या खेड्यांत झालेल्या पाहणीत, वर्षभरात मायग्रेन झालेल्या प्रौढांचे प्रमाण सुमारे २५ टक्के आढळले. वयात आल्यानंतर बायकांत तो पुरुषांच्या दोन-तीन पट दिसतो. पाळीच्या सुमारास अनेकींना झटका येतो.

आता मावशीच्या प्रश्नाकडे वळू. लावणीच्या दिवशी वहिनी पहाटे चारला उठत. सगळ्यांच्या भाकऱ्या थापून होईपर्यंत स्वतःच्या पोटात घोटभर चहा. मग तासन् तास वाकून काम आणि मध्येच उघडीप पडली की साचलेल्या पाण्यावरून डोळ्यांत घुसणारे ऊन. अपुरी झोप, उपाशी पोट, श्रम, प्रखर उजेड यांतले एखादे कारणही पुरे. इथे तर सगळी एकदम आली. संकष्टीचा कडक उपवास किंवा लग्नघरातले जागरण यांनीही हेच होते. अर्धशिशीवर सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खाण्याचा जुना उपाय औषध नव्हे. पण सकाळी पोट रिकामे ठेवू नये, एवढे तथ्य त्यात जरूर आहे.

गोळीचा फास

वहिनींच्या उशाशी गोळ्यांची पाकिटे होती. दुकानातून आणायची, पाण्याबरोबर घ्यायची, कामाला लागायचे. सुरुवातीला आठवड्याला एक, पुढे दिवसाआड एक. इथेच घात होतो. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळी दहा किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले, तर ती गोळीच डोकेदुखी ओढवू लागते. गोळी झटक्याच्या सुरुवातीलाच, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत घ्यावी. झटके वारंवार येत असतील तर ते टाळण्यासाठी प्रोप्रॅनोलॉल, ॲमिट्रिप्टिलिन यांसारखी रोजची औषधे आहेत. मात्र दमा, हृदयविकार, गरोदरपण यांचा विचार करून ती डॉक्टरांनीच ठरवायची असतात.

मुलांचे दुखणे

त्याच घरात वहिनींचा दहा वर्षांचा मुलगा अधूनमधून शाळेतून येऊन उलटी करी आणि झोपे. उठला की पुन्हा अंगणात हुंदडायला मोकळा! 'शाळा चुकवायची ढोंगं' असा निकाल घरात लागलेला. परंतु मुलांचा मायग्रेन असाच असतो. दुखणे बहुधा कपाळावर, दोन्ही बाजूंना, थोड्या तासांचे. झोपेने उतार पडतो. काहींचे डोक्याऐवजी पोटच दुखते. वेळेवर न्याहारी, पुरेसे पाणी, ठरलेल्या वेळी झोप, अंधाऱ्या खोलीत थोडी विश्रांती, एवढ्याने पुष्कळ मुलांना आराम पडतो. चष्म्याची गरज तपासून घ्यावी. ॲस्पिरिन मात्र मुलांना परस्पर देऊ नये.

काही लक्षणे दिसली तर घरी थांबूच नये. क्षणात पराकोटीला पोचलेली डोकेदुखी, ताप येऊन मान ताठणे, हातापायांतली शक्ती जाणे, बोबडी वळणे, फिट येणे, डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे, गरोदरपणात किंवा पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेले दुखणे, मुलाला रोज पहाटे दुखून उलटी होणे. अशा वेळी तडक इस्पितळ गाठावे.

भिंतीवरची नोंद

वहिनींना शेवटी डॉक्टरांकडे नेले, तेव्हा त्यांनी पहिले काम सांगितले ते नोंदीचे. आपल्या घरोघरी भिंतीवर दिनदर्शिका असते. दुधाचा रतीब आणि गॅस सिलिंडरची तारीख तिच्यावर आपण लिहितोच. त्याच चौकोनात डोके दुखले त्या दिवशी फुली मारायची, गोळी घेतली तर टिंब द्यायचे, आणि आदल्या दिवशीची झोप, जेवण, पाळी दोन शब्दांत लिहायची. दोन-तीन महिन्यांत दुखण्याची चाल कळते आणि डॉक्टरांनाही उपचाराची दिशा मिळते.

पुढच्या पावसाळ्यात गेलो, तेव्हा वहिनी लावणीला निघाल्या होत्या. दुखणे समूळ गेले नव्हते. दिनदर्शिकेवर फुल्या होत्याच, पण विरळ. उंबऱ्यात मावशी भाकरीचे ताट घेऊन उभी होती. "आधी खा, मग शेतात जा," ती सुनेला दटावत होती. फुल्या आता मावशीच मारते, असे नातवाने मला हळूच सांगितले.