रीळ घ्यायचंय? आधी काट्याला लावून ओढून बघा



१६ जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत मासेमारी बंद असते. जाळी शिवायचे, नावेला डांबर लावायचे हे दिवस. याच दिवसांत घरोघरी पोरांचं दुसरंही काम चालतं, मोबाईलवर रीळ बघायचं. बघायची रील नव्हे, गळाच्या काठीवर लावायचं रीळ!

गेल्या हिवाळ्यात आपल्या एका सभासदाच्या मुलानं नव्या जाळ्यासाठी ठेवलेल्या पैशातून असं रीळ आणलं. पहिल्याच आठवड्यात मोठा पडीन लागला. मासा पळाला, रीळ अडकलं, दोरी तुटली. मासा गेला, गळ गेला आणि घरात महिनाभर बोलणी खावी लागली. पोराची चूक एवढीच की रीळ पारखायचं कसं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून संस्थेनं यंदा तीन वेगवेगळी रिळं आणून मैदानात तपासली. जे कळलं ते इथे सांगतो.

आपल्याला रीळ लागतंच कशाला?

प्रश्न बरोबर आहे. आपले आजोबा हातदोरीनंच मासे काढायचे. पण तेव्हा नर्मदा वाहती होती. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं आणि धार जिल्ह्यात निसरपूर, चिखल्द्याकडे पाणी उभं राहिलं. खाली झाडं, घरांच्या भिंती, खांब तसेच आहेत. देवासकडेही इंदिरा सागरच्या फुगवट्यात शेतं-झाडं पाण्याखाली गेली. अशा जागी जाळं टाकलं की फाटतं, आणि मोठा मासा नेमका तिथेच दबा धरून बसतो. तिथे काठी, जाड दोरी आणि दमदार रीळ कामाला येतं.

दोन जातींची रिळं

स्वस्तातलं नेहमीचं रीळ काठीच्या खाली लटकतं. त्याला स्पिनिंग म्हणतात. त्यात फेकताना चक्री फिरत नाही, दोरी तिच्या तोंडावरून सुटत जाते. दुसरं बेटकास्टिंग. हे काठीच्या वर बसतं आणि फेकताना याची चक्री स्वतः फिरते, संक्रांतीला पतंगाची फिरकी फिरते तशी. जाड दोरी, जड आमिष, बुडालेल्या झाडांतून मासा ओढून काढायचा असेल तर हे चांगलं. पण आमिष आठ-दहा ग्रॅमपेक्षा हलकं असेल तर साधं स्पिनिंगच घ्या. उगाच जास्त पैसे घालू नका.

बेटकास्टिंगची एकच खोड आहे. आमिष पाण्यावर टेकलं तरी चक्री फिरतच राहिली, तर दोरीचा असा गुंता होतो की कात्रीच आणावी लागते. म्हणून फेकताना अंगठा चक्रीवर हलका ठेवायचा आणि आमिष टेकायच्या आत दाबायचा.

दुकानात काय बघायचं?

१. मूठ धरून हलवा. लटलट करत असेल तर परत ठेवा.

२. चक्रीवर पेनानं खूण करा, मूठ बरोबर एक फेरा फिरवा आणि चक्रीचे फेरे मोजा. खोक्यावर ६.३ : १ लिहिलं असेल तर सहाहून थोडे जास्त भरले पाहिजेत. ७ च्या वरचं रीळ दोरी झटपट गोळा करतं. ५ च्या आसपासचं सावकाश चालतं, पण जड मासा ओढताना हाताला जोर कमी लागतो. पडिनासाठी आम्हाला ५ ते ६ मधलंच बरं वाटलं.

३. मूठ डावीकडे की उजवीकडे ते आधीच ठरवा. या रिळात ती नंतर बदलता येत नाही.

४. खोक्यावर बेअरिंग किती लिहिलेत याला भुलू नका. अंगाचा सांगाडा धातूचा आहे का, ते बघा.

मैदानातली परीक्षा

बंदीच्या काळात गळ पाण्यात टाकायचा नाही. पण मोकळ्या रानात गळ न लावता नुसतं शिसं बांधून फेकायला कोणाची हरकत नाही.

आधी मुठीच्या बाजूची छोटी कळ जुळवा. काठी आडवी धरा, शिसं लटकवा आणि अंगठ्याचं बटण दाबा. शिसं सावकाश खाली उतरलं पाहिजे आणि जमिनीला टेकताच चक्री थांबली पाहिजे. मग दुसऱ्या बाजूचा ब्रेक पूर्ण चढवून फेकायला सुरुवात करा. हात बसला की एकेक घर कमी करा. आमच्यातल्या दोघांनी पहिल्याच दिवशी ब्रेक सोडून फेकलं. अर्धा तास गुंता सोडवण्यात गेला आणि नव्या दोरीचे तुकडे झाले.

खरी परीक्षा ड्रॅगची

मासा ओढायला लागला की दोरी थोडी थोडी सोडणारी जी व्यवस्था असते, तिला ड्रॅग म्हणतात. मुठीजवळची चांदणीसारखी चकती फिरवून ती घट्ट-सैल होते. त्या मुलाचं रीळ इथेच फसलं होतं.

मासळी तोलायचा स्प्रिंगचा काटा घ्या. दोरीचं टोक त्याला बांधा, काठी नीट धरा आणि दुसऱ्याला काटा ओढायला सांगा. दोरी ९ किलोची असेल तर ड्रॅग सव्वादोन ते ३ किलोवर सुटला पाहिजे, म्हणजे दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर. आता काट्याची सुई बघा. एका जागी धरून राहिली तर रीळ चांगलं. आमच्या तीनपैकी एका रिळाची सुई दोनवरून एकदम पाचवर उडी मारायची, परत खाली यायची. दिसायला तेच सगळ्यात देखणं होतं! दोरी तुटते ती अशाच धक्क्यानं. हे एकदाच करून थांबू नका, दहा वेळा ओढा. रीळ भिजवून परत ओढा.

आणखी एक गोष्ट जुन्या लोकांनाही नवी वाटली. मासा दोरी घेऊन लांब पळाला की चक्रीवरची दोरी कमी होते, घेर लहान होतो आणि ड्रॅग न हलवताही ओढ वाढत जाते. घेर निम्मा झाला तर ओढ दुप्पट होते. म्हणून मासा लांब गेला की ड्रॅग आवळू नका, उलट थोडा सैल करा.

दोरी भरताना

विणलेली दोरी गुळगुळीत चक्रीवर घसरते. खाली आधी थोडी साधी तंगूस गुंडाळा, तिच्यावर विणलेली. काठापासून दोन-तीन मिलीमीटर रिकामं सोडा. काम झालं की ड्रॅग सैल करून ठेवा. बेअरिंगला तेलाचा एकच थेंब पुरे. ड्रॅगच्या चकत्यांना घरातलं तेल लावू नका.

गळ झाडात अडकला तर दोरी हाताला गुंडाळून ओढायची नाही, बोट कापून निघेल. लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळा आणि मगच ओढा. नावेत उभं राहून तर अजिबात नको.

दोन शब्द बाडसाबद्दल

बाडस, म्हणजे महाशीर, २०११ पासून मध्य प्रदेशचा राज्य मासा आहे. त्याला वाहतं पाणी लागतं, आणि धरणांनंतर ते कमी झालं. जाळ्यात सापडला की तो बहुतेक मरतोच. गळाला लागला तर जिवंत सोडता येतो. नाव हलकी बाजूला घ्या, मासा पाण्यातच ठेवा, गळ काढा, जाऊ द्या. तो राहिला तर आपल्या नातवंडांना दिसेल.

आणि पोरांनो, रिळानं धरलेली मासळीसुद्धा संस्थेच्या काट्यावरच आली पाहिजे. रीळ नवं असलं तरी नियम जुनाच.

ज्यांनी रीळ घेतलंय किंवा घ्यायचंय, त्यांनी १५ ऑगस्टच्या आधी ते संस्थेत घेऊन यावं. काटा आहे, शिसं आहे, मैदान मोकळं आहे. अर्धा तास लागतो. जाळ्याचे पैसे रिळात घालण्याआधी तेवढा वेळ काढाच.