केस लावताय? आधी डॉक्टर तपासा!

लग्नाचं बघायला सुरुवात व्हायच्या आत टक्कल झाकायचं, हा प्लॅन आता आमच्या बिलोलीच्या पोरांचाही असतो. नोकरीला कुणी पुण्यात, कुणी हैदराबादला; हेअर ट्रान्सप्लांट ईएमआयवर मिळतं. पण ‘करणार कोण?’ असं मी विचारलं की क्लिनिकचं नाव सांगतात, डॉक्टरचं नाही!

हे हसण्यावारी नेऊ नका. मार्च 2019 मध्ये मुंबईत 43 वर्षांचा एक व्यावसायिक हेअर ट्रान्सप्लांटनंतर दोन दिवसांत दगावला. सप्टेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बजावलं, की वर्कशॉप किंवा यूट्यूब पाहणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

तर बॉस, अॅडव्हान्स भरण्याआधी एवढं कराच.

नंबर मागा : डॉक्टरचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळा. डॉक्टर हैदराबादचा असेल तर तेलंगणाच्या कौन्सिलकडे.

डिग्री वाचा : प्लास्टिक सर्जनकडे एमसीएच किंवा डीएनबी (प्लास्टिक सर्जरी) असते. त्वचारोगतज्ज्ञ असेल तर सर्जरीचं रीतसर प्रशिक्षण कुठे घेतलं, ते विचारा. भिंतीवरची शॉर्ट कोर्सची सर्टिफिकेटं म्हणजे डिग्री नव्हे.

बोर्डाला भुलू नका : ‘एनएबीएच’ मानांकन ऐच्छिक असतं आणि ते संस्थेला मिळतं, सर्जनला नाही. दोन्ही वेगवेगळं तपासा.

इमर्जन्सीचं विचारा : रिअॅक्शन आली तर कोण बघणार, कुठल्या हॉस्पिटलात नेणार?

यावर उत्तराऐवजी डिस्काउंट मिळाला, तर सरळ उठा आणि बाहेर पडा!