नखांची साक्ष

नवरात्रात केडगावच्या रेणुकामातेचे दर्शन घेतल्यावाचून आमच्या सासरी दसरा साजरा होत नाही. केडगाव एके काळी नगरच्या वेशीबाहेरचे गाव होते. आज ते महानगरपालिकेच्या हद्दीत आले आहे आणि जिल्ह्याचे नावही अहिल्यानगर झाले आहे. पण कासाराच्या पालापुढची बायकांची गर्दी मात्र अजून तशीच आहे.

२०२२ च्या नवरात्रात आम्ही दोघी जावा त्या गर्दीत बांगड्या भरायला बसलो होतो. कासारमामांनी थोरल्या जाऊबाईंचा हात हाती घेतला आणि बांगडी चढवता चढवता ते थबकले.

“ताई, राग मानू नका. सारा जन्म बायकांचे हात दाबण्यात गेला माझा. तुमच्या नखांना लाली म्हणून नाही. अन् ही अशी खोलगट कशानं झाली?”

“अहो, भांडी घासून घासून नखांचं दुसरं काय व्हायचं?” जाऊबाई हसून म्हणाल्या.

मीही हसले, पण घरी परतताना त्या दोनदा थांबल्या. “चाळिशी उलटली, आता दम लागायचाच,” एवढेच म्हणाल्या. मला मात्र राहवेना. दुसऱ्या दिवशी हट्टाने त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी आधी नखे पाहिली, मग डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या. पिचकारीने पाण्याचा एक थेंब त्यांनी जाऊबाईंच्या नखावर सोडला. तो ओघळला नाही, बशीत बसावा तसा नखात बसून राहिला! रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन निघाले साडेसहा. बाईच्या रक्तात ते निदान बारा असावे लागते.

“जेवण नीट नाही का?” मी विचारले.

“जेवणाचं नंतर पाहू. रक्त जातंय कुठं, ते आधी शोधू,” डॉक्टर म्हणाले.

तेव्हा कुठे जाऊबाईंचे तोंड उघडले. तीन वर्षे मासिक पाळीत फार रक्त जात होते. संकोचापायी त्यांनी घरात कुणाला सांगितले नव्हते, शेजारी झोपणाऱ्या मलाही नाही! सोनोग्राफीत गर्भाशयात साधी गाठ निघाली. जे तोंडाने सांगितले नव्हते, ते नखांनी सांगून टाकले.

वाचकहो, नखे हे कसे सांगतात? नख स्वतः निर्जीव असते. केसांप्रमाणे तेही केराटिन या प्रथिनाचे बनते. त्याचा जिवंत कारखाना असतो मुळाशी, कातडीखाली. नखाचा गुलाबी रंग त्याचा स्वतःचा नव्हे, तो खालच्या रक्ताचा. म्हणून रंग आजची हकीकत सांगतो, तर आकार गेल्या काही महिन्यांची. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते आणि मुळापासून टोकापर्यंत यायला सुमारे सहा महिने घेते. पायाचे नख याहून बरेच संथ. विल्यम बीन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी तर १९४१ पासून पस्तीस वर्षे आपल्याच अंगठ्याच्या नखाची वाढ मोजली! बत्तिसाव्या वर्षी ते दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढे, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. म्हातारपण नखालाही चुकत नाही.

मोठा ताप किंवा दुखणे येऊन गेले की कारखाना काही दिवस मंदावतो आणि नखावर आडवी खाच पडते. बो या फ्रेंच डॉक्टरांनी १८४६ मध्ये तिचे वर्णन केले. करोनातून उठलेल्या काहींच्या नखांवरही ती दिसली. बोटांची टोके फुगून नखे पोपटाच्या चोचीसारखी वळली, तर फुफ्फुसाकडे किंवा हृदयाकडे लक्ष द्यावे. त्याची युक्ती सोपी आहे. दोन्ही हातांची तीच बोटे नखाला नख लावून धरा. मधे शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट दिसली तर ठीक, ती बुजली असेल तर डॉक्टरांना हात दाखवा. दक्षिण आफ्रिकेतील हृदयतज्ज्ञ शॅमरॉथ यांनी १९७६ मध्ये ही खूण मांडली, तीही स्वतःच्या आजारपणात स्वतःची बोटे पाहून. याशिवाय नखे निळसर झाली तर रक्तात प्राणवायू कमी असू शकतो. एकाच नखात काळी उभी रेघ उमटून रुंद होत गेली तर ती क्वचित कर्करोगाचीही असते, तिथे चालढकल नको.

आपल्या महाराष्ट्रातच नखांनी अलीकडे एक मोठी साक्ष दिली. डिसेंबर २०२४ पासून बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात गावेच्या गावे केसगळतीने हैराण झाली आणि पुढे २०२५ च्या एप्रिलमध्ये काहींची नखे विद्रूप होऊन गळू लागली. विंचूदंशावरील कामासाठी ख्यातनाम असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. सेलेनियम शरीराला चिमूटभरही नको, कणभरच लागते. ते वाढले की केसांवर आणि नखांवर त्याचा परिणाम दिसतो.

पण म्हणून प्रत्येक नखाकडे संशयाने पाहू नका. आकाशातून बगळे जाताना नखे घासून आपण लहानपणी त्यांच्याकडे पांढरे ठिपके मागत असू, आठवते? ते ठिपके बगळ्यांची देणगी नव्हेत, तसे कॅल्शियमच्या कमतरतेची खूणही नव्हेत. बहुधा नखाच्या मुळाला लागलेला तो विसरलेला मार असतो. वयाबरोबर येणाऱ्या बारीक उभ्या रेघाही निरुपद्रवी. पिवळे नख हळदीचेही असते, आणि भांड्याच्या पाण्याने नखे खरोखरच ठिसूळ होतात. जाऊबाईंचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, पण ठिसूळ होणे निराळे आणि खोलगट होणे निराळे. नखे पाहून रोग ठरवायचा नसतो, डॉक्टरांकडे जायचे की नाही एवढेच ठरवायचे असते.

डॉक्टरांनी जाऊबाईंना लोहाच्या गोळ्या दिल्या, जेवणावर लगेच चहा बंद केला, पानात लिंबाची फोड सक्तीची केली. चहा लोह अंगी लागू देत नाही, लिंबू लागू देते. रक्त भरून आल्यावर गाठीची शस्त्रक्रिया झाली. रक्त वाढल्यावरही गोळ्या आणखी तीन महिने घ्याव्या लागल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्त कमी आढळले. तेव्हा आमच्या जाऊबाई काही एकट्या नव्हेत.

पुढच्या नवरात्रात आम्ही त्याच पालापुढे बसलो. कासारमामांनी जाऊबाईंचा हात उजेडाकडे वळवला, नखे पाहिली आणि काही न बोलता हिरव्या बांगड्यांचा डझन पुढे ओढला.

“मामा, गेल्या साली तुम्ही बोलला नसतात तर...” जाऊबाईंना पुढे बोलवेना.

“हात सैल सोडा ताई,” ते म्हणाले, “नाहीतर बांगडी पिचेल.”

या दिवाळीत अभ्यंगाला उटणे लावताना घरातल्या बायकांचे हात जरा उजेडात धरून पाहा. मेंदी आणि नेलपॉलिश लावायच्या आधी!