बाटलीवरील देशाचे नाव

२०२३ च्या अखेरीस परदेशात भरलेल्या बालरोगतज्ज्ञांच्या एका परिषदेस जाण्याचा योग आला. चहापानाच्या वेळी पश्चिम आफ्रिकेतील एका डॉक्टर भगिनींशी ओळख झाली. माझ्या गळ्यातील ओळखपत्रावर भारताचे नाव वाचताच त्यांचा चेहरा उजळला. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना शरीररचनाशास्त्र शिकविणारे प्राध्यापक भारतीय होते. त्यांच्या लसीकरण केंद्रातील कित्येक लसींच्या कुप्यांवर पुण्याचे नाव असे. हे सारे त्यांनी मोठ्या आपुलकीने सांगितले. मग क्षणभर थांबून, आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "पण डॉक्टर, हल्ली आमच्याकडच्या आया खोकल्याच्या औषधाची बाटली फिरवून ती कोणत्या देशात तयार झाली, ते आधी पाहतात. त्यांना मी काय सांगू?"

त्या वेळी मी काहीतरी सारवासारव केली. परतीच्या प्रवासात मात्र तो प्रश्न मनातून जाईना. प्रस्तुत लेख म्हणजे त्या राहून गेलेल्या उत्तराचा एक प्रयत्न आहे.

एका देशाच्या शासनाने दुसऱ्या देशाच्या शासनाशी व्यवहार करणे, यास आपण मुत्सद्देगिरी म्हणतो. परंतु एका देशाने दुसऱ्या देशातील सामान्य जनतेशी संवाद साधून तिच्या मनात आपले स्थान निर्माण करणे, यास अलीकडे 'लोकराजनय' अशी संज्ञा वापरतात. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या फ्लेचर स्कूलचे अधिष्ठाता एडमंड गलियन यांनी १९६५ मध्ये ही संज्ञा आजच्या अर्थाने रूढ केली. आपल्याकडे या कार्याचा आरंभ त्याही आधी झाला होता. मौलाना आझाद यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन झाली आणि २००६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयात लोकराजनयासाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. नृत्यपथके, चित्रपट महोत्सव, परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या ही सारी याच कार्याची अंगे होत. त्यांचे मोल आहेच. तथापि परक्या देशातील सामान्य माणसाचा भारताशी येणारा पहिला संबंध पुष्कळदा नृत्याशी वा चित्रपटाशी येत नाही. तो येतो एखाद्या भारतीय डॉक्टरशी, शिक्षकाशी, किंवा आजारी मुलाच्या उशाशी ठेवलेल्या औषधाच्या बाटलीशी. आपण वैद्यकीय व्यावसायिक, कोणीही नेमलेले नसताना, देशाचे प्रतिनिधी ठरतो ते असे.

या बाबतीत आपणां मराठी डॉक्टरांना फार दूर पाहण्याची आवश्यकता नाही. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर चिनी सेनापती चू-ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची विनंती केली. तेव्हाचे काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, निधी जमविला आणि १९३८ च्या सप्टेंबर महिन्यात पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले. अलाहाबादचे डॉ. अटल पथकाचे प्रमुख होते. कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, नागपूरचे वडीलधारे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे त्यांचे सहकारी. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या कोटणीसांचे वय तेव्हा अवघे सत्तावीस वर्षांचे होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ज्या देशाच्या वतीने हे पाच जण गेले, तो देश स्वतः स्वतंत्र नव्हता. त्याला ना परराष्ट्र मंत्रालय होते, ना राजदूत.

बाकीचे चौघे यथाकाल परतले. कोटणीस राहिले. उत्तर चीनमधील युद्धक्षेत्रात त्यांनी अखंड शस्त्रक्रिया केल्या. जखमींवर उपचार करताना जंतुसंसर्ग होऊन १९३९ मध्ये मृत्यू पावलेले कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते १९४१ मध्ये प्रमुख झाले. ते चिनी भाषा शिकले. तीही रुग्णाची विचारपूस करण्यापुरती नव्हे, तर त्या भाषेत शस्त्रक्रियाशास्त्र शिकविण्याइतकी. तेथील परिचर्या शिक्षिका क्वो छिंग-लान यांच्याशी त्यांनी विवाह केला. मुलाचे नाव ठेवले यिन-हुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते आणि शस्त्रक्रियेवरील एक पाठ्यपुस्तक अर्धवट लिहून झाले होते.

आपल्यापैकी बहुतेकांना ही कथा व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे ठाऊक असते. पुढे काय झाले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. १९६२ चे युद्ध झाले, दोन्ही देशांचे संबंध विकोपास गेले, पण शिजियाझुआंग येथील कोटणीसांच्या समाधीचा मान टिकून राहिला. त्यांच्या चाळिसाव्या पुण्यतिथीस, १९८२ मध्ये, चीनने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे काढली. आपण तिकीट काढले ते १९९३ मध्ये. भारतभेटीवर आलेल्या चिनी नेत्यांनी कोटणीस कुटुंबीयांची आवर्जून भेट घेतल्याचे प्रसंग अनेक आहेत. दोन देशांच्या सीमावादावर याचा काही परिणाम झाला, असे मी म्हणणार नाही. कोटणीसांच्या कार्याने युद्ध टळले नाही. परंतु दोन शासने एकमेकांशी बोलेनाशी झाल्यावरही तेथील सामान्य माणसाच्या मनात भारताविषयी एक चांगली आठवण शिल्लक राहिली. ती कोणत्याही प्रचारपत्रकाने निर्माण केलेली नव्हती.

नंतरच्या काळात हा विश्वास औषधांच्या रूपाने देशोदेशी पोहोचला. एड्सवरील तीन औषधांच्या एकत्रित उपचारास पाश्चात्त्य कंपन्यांच्या दराने एका रुग्णामागे वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत असे. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तोच उपचार सुमारे ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी दरात, देऊ केला. आफ्रिकेत पश्चिमेला सेनेगल व गांबियापासून पूर्वेला इथिओपियापर्यंत मेंदूज्वराचा जो पट्टा आहे, त्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली 'अ' गटाच्या मेनिंगोकॉकसवरील लस डिसेंबर २०१० पासून मोठ्या प्रमाणावर दिली जाऊ लागली. तिच्या एका मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरहून कमी होती. मेंदूज्वराने बहिरे झालेले मूल ज्याने पाहिले आहे, त्याला या लसीचे मोल निराळे सांगावयास नको. त्या डॉक्टर भगिनींच्या चेहऱ्यावर भारताचे नाव वाचून आलेला आनंद या साऱ्याचे फळ होता.

आणि आता दुसरी बाजू.

५ ऑक्टोबर २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने हरियाणातील एका कंपनीच्या चार पातळ औषधांविषयी इशारा दिला. त्याच पट्ट्यातील गांबियात मूत्रपिंडे निकामी होऊन किमान ६६ बालके दगावली होती आणि त्या औषधांत डायएथिलीन ग्लायकॉल व एथिलीन ग्लायकॉल ही औद्योगिक द्रावके आढळली होती. ही द्रावके चवीला गोड असतात. ग्लिसरीन वा प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या जागी ती औषधात शिरली, की मूल आधी ओकते, मग त्याची लघवी बंद होते. गांबिया हा लोकसंख्येने आपल्या इंदूरसारख्या एखाद्या शहराच्या तोडीचा देश. औषधे तपासण्याची स्वतःची प्रयोगशाळा तेव्हा त्याच्यापाशी नव्हती. त्याने बाटलीवरील देशाच्या नावावर विश्वास ठेवला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात उझबेकिस्ताननेही दुसऱ्या एका भारतीय कंपनीच्या औषधाने १८ मुले दगावल्याचे जाहीर केले.

यावर आपण काय बोललो? आपल्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेस पत्र पाठविले. शासकीय प्रयोगशाळेत तपासलेल्या नमुन्यांत दोष आढळला नाही, असे त्यात म्हटले होते. भारतीय औषधांच्या गुणवत्तेविषयी जगभर प्रतिकूल चित्र उभे केले गेल्याची तक्रारही त्यात होती. संघटना आपल्या निष्कर्षावर ठाम राहिली. त्या तांत्रिक वादात मी शिरत नाही. मला एवढेच वाटते की, ते पत्र कार्यालयाने कार्यालयास लिहिले होते आणि प्रश्न विचारीत होती ती आई. वॉर्डात मूल दगावले, तर आपण आपल्या निवासी डॉक्टरांना काय शिकवतो? आधी हातातील कागद बाजूला ठेवा, आई-वडिलांसमोर बसा, प्रथम दुःख व्यक्त करा आणि मग जे ठाऊक आहे ते सांगा. जो डॉक्टर पहिल्याच वाक्यात 'आमची चूक नाही' असे म्हणतो, त्याच्यावर त्या कुटुंबाचा विश्वास पुन्हा बसत नाही. आंतरसांस्कृतिक संवादावर पुष्कळ ग्रंथ आहेत. परंतु मूल गमावलेल्या आईशी कसे बोलावे, हे इंदूरात आणि बांजूलमध्ये निराळे नाही.

प्रतिमा डागाळली की ती कायमचीच डागाळते, असेही नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत याच डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळविलेल्या सल्फानिलामाइडने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांत मुले पुष्कळ होती. त्या देशाने आपले अपयश लपविले नाही. बाटल्या गावोगाव शोधून परत गोळा केल्या आणि १९३८ मध्ये नवे औषध बाजारात आणण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचा पुरावा देणे कायद्याने बंधनकारक केले. त्यांच्या औषध प्रशासनाचा शब्द पुढे जगाने मानला, त्याचे मूळ त्या कबुलीत व त्या कायद्यात आहे.

आपल्यालाही अशी संधी पूर्वी मिळाली होती. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने साऱ्या यंत्रणेचे वाभाडे काढले. गांबियाच्या घटनेनंतर, १ जून २०२३ पासून, परदेशी जाणारे खोकल्याचे प्रत्येक औषध निर्यातीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेणे सक्तीचे झाले. पाऊल योग्यच होते. पण ते निर्यातीपुरते होते. देशात विकल्या जाणाऱ्या बाटलीसाठी अशी दुसरी तपासणी ठेवली नव्हती. ती उत्पादकाने स्वतःच करावी, एवढीच अपेक्षा होती.

त्याचे फळ आपल्याच राज्यात दिसले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा व आसपासच्या भागात वीसहून अधिक बालके तशाच प्रकारे दगावली. त्यांतील अनेकांना उपचारांसाठी नागपूरला नेले होते. तामिळनाडूत तयार झालेल्या त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८ टक्क्यांहून अधिक निघाले. मर्यादा आहे ०.१ टक्का. परदेशातील नाव जपण्यासाठी आपण कुंपण घातले आणि घरचे अंगण उघडे ठेवले. जगासाठी एक बाटली आणि आपल्या मुलांसाठी दुसरी, अशी देशाची प्रतिमा राखता येत नाही. जे घरी खरे नाही, ते बाहेर फार काळ खरे वाटत नाही.

स्नेही डॉक्टर बंधुभगिनींनो, कायदे करणे आपल्या हाती नाही. चिठ्ठीचा कागद मात्र आपल्या हाती आहे. लहान मुलांच्या साध्या सर्दी-खोकल्यास या मिश्रणांची गरज नसते, हे आपण सारे जाणतो. क्लोरफेनिरामीन व फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश डिसेंबर २०२३ मध्येच निघाला होता. छिंदवाड्याच्या बाटलीत ती दोन्ही द्रव्ये होती. आई आग्रह करते म्हणून लिहिण्याऐवजी पाच मिनिटे तिच्याशी बोलणे आपल्याला जमेल. औषध लिहिलेच, तर बाटली जपून ठेवण्यास सांगणे, त्यावरील बॅच क्रमांक पाहणे, आणि मुलाची लघवी कमी झाली तर विलंब न लावता औषधाचा दुष्परिणाम म्हणून शासकीय यंत्रणेकडे नोंद करणे, एवढेही आपण करू शकतो. एखाद्या गावातील डॉक्टरने दुसऱ्या मुलाच्या वेळी संशय घेतला, तर विसावे मूल वाचते.

छिंदवाड्यानंतर त्या डॉक्टर भगिनींना मी पत्र लिहिले. तुमच्याकडच्या मुलांचे जे झाले, त्याचे मला दुःख आहे, हे वाक्य मी प्रथम लिहिले. परिषदेत तेच राहून गेले होते. पुढे लिहिले, तुमच्या आया बाटली फिरवून पाहतात ते योग्यच आहे. त्यांना थांबवू नका. आता आमच्याकडच्या आयाही पाहू लागल्या आहेत, आणि मीही पाहतो.